घरी दिवसभर कोण असणार?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात घर शोधण्याबद्दलची पत्रं बरीच आली. त्यातली तीन इथे घेतली आहेत. बँकेच्या बदलीच्या नोकरीत ३१ वर्षांत मी नऊ घरांत राहिले. त्यातली शेवटची तीन ठाणे आणि नवी मुंबईत, आणि आता ऐरोलीत मुक्काम कायमचा. या विषयावर लिहायला बसले की पेन थांबत नाही, तेव्हा पहिलं उत्तर लांबलं आहे.

पत्र पहिलं

ताई, आम्ही लातूरचे. मिस्टरांना ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली आहे. मुलगी तिसरीत आहे. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात. भाड्याला महिना २५ हजारांपर्यंत जमेल. मिस्टरांचे मित्र म्हणतात घोडबंदर रोडला घ्या, मोठं कॉम्प्लेक्स आहे, बाग आहे, पोहण्याचा तलाव आहे. नणंद खारघरला असते, ती तिकडे बोलावते. एजंट म्हणतो ऐरोली गावात दोन खोल्या १५ हजारांत मिळवून देतो. आमच्यापैकी कुणीच आजवर तिकडे राहिलेलं नाही. शाळा सुरू व्हायच्या आत ठरवायचं आहे. कुठे राहावं?
— एक वाचक, लातूर

उत्तर

तुमच्या पत्रात मिस्टरांचं ऑफिस आहे, मित्रांचं मत आहे, नणंदेचं आहे, एजंटचंसुद्धा आहे. तुमचं आणि सासूबाईंचं मत मला कुठे सापडलं नाही. मिस्टर सकाळी नऊला बाहेर पडतील, रात्री आठला येतील. त्या घरात दिवस काढायचा आहे तो तुम्हाला, सासूबाईंना आणि दुपारनंतर मुलीला. तेव्हा घर तुमच्या तिघींच्या सोयीचं बघा. मिस्टरांचा प्रवास बेताचा असला की पुरे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २०१० साली मिरजेहून ठाण्याला बदली झाली तेव्हा घरात मी आणि आई, दोघीच. आई ७४ वर्षांची. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी मी एकटीच येऊन घोडबंदर रोडला, वाघबीळच्या पुढे, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. लिफ्ट होती, हवा खेळती होती, गॅलरीतून येऊरचे डोंगर दिसत होते. रस्ता मोकळा होता, कारण रविवार होता. तासाभरात टोकन देऊन मी मिरजेच्या गाडीत बसले.

राहायला आल्यावर सोमवारी कळलं की स्टेशनजवळच्या शाखेत पोचायला सव्वा तास लागतो. ते मी सोसलं असतं. आईचं मात्र मला कळायला चार महिने लागले. मिरजेत ती संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसायची, येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जायचा. इथे गेटबाहेर पडलं की समोर हायवे. पायी जाण्यासारखं दुकान नाही, देऊळ नाही, टेकायला बाक नाही. दुधाचा हिशोब ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. ऑगस्टमध्ये एकदा मी पानं उलटून बघितली, तर दुधाच्या आकड्यांखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, गॅस. मग काही दिवस कोरे. मग कुरिअर. पेपरबिल. गॅस. दारावरची बेल कुणी वाजवली ते ती टिपून ठेवत होती. जुलैच्या पानावर असे चार शब्द होते. त्याच आठवड्यात मी बँकेतून आले तर म्हणाली, “आज दिवसभर बोललेच नाही गं. आत्ता आवाज फुटतोय का ते बघत होते.”

त्या इमारतीत खोट काही नव्हती. ज्या घरातले सगळे सकाळी बाहेर पडतात, त्यांच्यासाठी ती चांगलीच होती. चूक माझी, मी माझ्या डोळ्यांनी घर बघितलं, आईच्या नाही. अकरा महिन्यांचा करार संपला त्या दिवशी आम्ही ऐरोलीला आलो, सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, जुन्या बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर. खाली भाजीवाली बसायची. आठवड्याभरात तिच्या नातवाचं बारसं कधी आहे ते आईला माहीत होतं.

आता तुमच्या तीन जागा बघू.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. बाहेरून येणाऱ्याला नवी मुंबई हे एकच शहर वाटतं, पण तसं नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग नवी मुंबई महापालिकेचा आणि ठाणे जिल्ह्यातला. खारघर, कामोठे, नवीन पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यातला आणि २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेचा. दाखले काढायचे, रेशनकार्डावर पत्ता बदलायचा, तर तहसील वेगळी. पाणीसुद्धा वेगळं. नवी मुंबई महापालिकेचं खालापूर तालुक्यात मोरबे हे स्वतःचं धरण आहे, त्यामुळे ऐरोली-घणसोली-वाशीकडे नळाला पाणी त्यामानाने भरवशाचं असतं. खारघरच्या काही सेक्टरांत उन्हाळ्यात पाण्याची ओरड असते. आणि सेक्टरांचे आकडे प्रत्येक उपनगरात एकपासून सुरू होतात. सेक्टर ८ ऐरोलीतही आहे, वाशीतही आहे, नेरुळमध्येही. एजंट फोनवर नुसतं ‘सेक्टर आठ’ म्हणाला तर कुठलं ते विचारून घ्या.

घोडबंदरबद्दल माझं मन अजून हळवं आहे, म्हणून हिशोबच सांगते. मिस्टरांना आधी बसने किंवा रिक्षाने ठाणे स्टेशन गाठायचं. बस पश्चिमेला सोडते. वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात नऊ, दहा नंबरवरून, म्हणजे स्टेशनच्या पूर्वेच्या टोकाकडून. सकाळच्या गर्दीत अख्खा पूल ओलांडून तिथे जायचं. पुढे ऐरोली जवळच, दहा-बारा मिनिटं. म्हणजे गाडीतला वेळ सगळ्यात कमी आणि गाडीपर्यंत पोचायचा वेळ त्याच्या पाच-सहा पट. रस्त्याने यायचं म्हटलं तर घोडबंदरला अवजड गाड्यांची कोंडी नेहमीची. कळव्याकडून यावं तर पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी तुंबतं. शिवाय तिकडच्या कित्येक कॉम्प्लेक्सना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. पोहण्याचा तलाव बघून भाडं ठरवू नका. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना त्याचा काय उपयोग?

खारघर मला मनापासून आवडतं. रस्ते रुंद, सेंट्रल पार्क मोठं, पाठीशी डोंगर, पावसाळ्यात तर सगळं हिरवंगार. पण तिथून ऐरोली म्हणजे पनवेल-ठाणे गाडीने अर्ध्या तासाच्या वर, आणि या गाड्या पाच मिनिटांनी एक अशा नसतात. एक चुकली की तिष्ठत बसायचं. त्यातही खारघर लांबच लांब आहे. स्टेशन एका टोकाला, तळोज्याकडचे सेक्टर दुसऱ्या टोकाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली मेट्रो खारघरमधून जाते, पण ती बेलापूरला लोकलला मिळते, खारघर स्टेशनला नाही. एवढं सगळं असूनही नणंद जवळ असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती नोकरी करत नसेल आणि तिच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर तुम्हाला जागा मिळत असेल, तर मी मिस्टरांना सांगेन की रोजचे दोन तास सोसा. ती स्वतः सकाळी जाऊन रात्री येत असेल, किंवा तुमचं घर तिच्यापासून रिक्षाच्या अंतरावर असेल, तर एकाच उपनगरात असूनही भेट रविवारीच होणार. मग रविवारी ऐरोलीहूनही जाता येतं. हे तिला मोकळेपणाने विचारा, राग यायचं कारण नाही.

ऐरोली गावातल्या खोल्यांना ‘झोपडपट्टीसारखं’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. मी त्यातली नाही. ही आगरी-कोळ्यांची मूळ गावं. सिडको १९७० साली स्थापन झाली, शहर यांच्या जमिनीवर वसलं, आणि गावठाणं तेवढी मधे राहिली. माणसं मोठ्या आवाजात बोलतात आणि अडीअडचणीला पहिली धावून येतात. पण घरं भिंतीला भिंत लावून चढवलेली असतात. गल्लीत रिक्षासुद्धा वळत नाही, तर आगीचा बंब कुठून येणार? बऱ्याच बांधकामांची कागदपत्रं अर्धवट असतात, मग रजिस्टर करार करून द्यायला मालक कां-कू करतो. जिना अरुंद, उभा. सासूबाई त्या जिन्याने एकदा वर गेल्या की महिना महिना खाली उतरणार नाहीत. तुम्ही दोघं तरुण असता तर मी हो म्हटलं असतं.

म्हणून माझं म्हणणं, ऐरोलीतल्या सेक्टरांमधली सिडकोची जुनी बिल्डिंग बघा. नाही जमलं तर घणसोली. तुमच्या बजेटमध्ये नव्या टॉवरमधलं टू बीएचके बसणार नाही, जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके बसू शकेल. ऐरोलीत कंपन्या बहुतेक रेल्वेच्या पूर्वेला, वस्ती ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून पश्चिमेला, खाडीपर्यंत. मिस्टर शेअर रिक्षाने जातील, कदाचित पायीही. दुपारी मुलीच्या शाळेतून फोन आला तर अर्ध्या तासात पोचू शकतील. तुमच्या सोयीची भाजी, दळण, वाणी, दवाखाना हे सगळं सेक्टरातल्या सेक्टरात असतं. महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय ऐरोलीतच आहे. आणि हिवाळ्यात कधी संध्याकाळी खाडीकडे गेलात तर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतील. मुलीला ते फार आवडेल.

या जुन्या बिल्डिंगी तीन-चार मजल्यांच्या, बहुतेकांना लिफ्ट नाही. तळमजल्याचा मोह होईल, पण पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि गुडघ्यांना ओल सोसत नाही. पहिला मजला बघा. आणि सासूबाईंना घर दाखवायला न्या. हे कुणीच करत नाही! म्हाताऱ्या माणसाला सामानाबरोबर आणतात. त्यांना स्वतःला जिना चढू द्या, वर खुर्चीवर पाच मिनिटं बसू द्या, मग उतरू द्या. कठडा आहे का, मधे टेकायला जागा आहे का, हे तुमच्या आधी त्यांच्या लक्षात येईल.

घर बघायला या तेव्हा आठवडाभर नणंदेकडे मुक्काम करा. रविवारी घर बघू नका. मधल्या वारी सकाळी आठला जा, म्हणजे नळाला पाणी कसं येतं आणि शाळेच्या वेळेला रस्ता कसा असतो ते दिसेल. संध्याकाळी सातला जा, तेव्हा खाली बायका बसतात का, मुलं खेळतात का ते बघा. आणि एकदा रात्री अकराला जा. हे महत्त्वाचं आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने एमआयडीसीचा मोठा पट्टा आहे, रबाळे, पावणे, तुर्भे. वाऱ्याची दिशा फिरली की काही भागांत रात्री रसायनांचा उग्र वास येतो, दिवसा त्याचा मागमूस नसतो. खारघरच्या तळोजा बाजूलाही तीच तक्रार ऐकू येते. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर ही रात्रीची फेरी चुकवू नका.

पाण्याबद्दल मालकाला विचारून उपयोग नाही, तो ‘चोवीस तास’च म्हणणार. शेजारच्या गॅलऱ्यांकडे वर मान करून बघा. ओळीने निळे ड्रम भरून ठेवलेले दिसले की समजा. वॉचमनला विचारा, पाणी किती वाजता सोडतो. आकडा सांगायला तो जराही थांबत नाही, कारण व्हॉल्व त्याच्याच हातात असतो.

शाळेचं मात्र घराच्या आधी बघा. चौथीतला प्रवेश कुठे मिळतोय ते ठरलं की त्या शाळेपासून मुलगी चालत येईल एवढ्या अंतरातच घर शोधा. लातूरच्या शाळेतून दाखला काढताना तिचा शिक्षण खात्याच्या सरल पोर्टलवरचा विद्यार्थी क्रमांक लिहून घ्या, नाहीतर पुढे हेलपाटे होतात.

कागदांचं थोडक्यात सांगते. भाड्याचा करार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, तो साधारण ११ महिन्यांचा करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ‘हेच चालतं’ म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. आता नोंदणी ऑनलाइन होते, माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. डिपॉझिट बँकेतून द्या, रोख नको. महावितरणचं मागचं बिल बघायला मागा, थकबाकी नको. आणखी एक, जो प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून विचारा, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का? सिडकोच्या जुन्या बिल्डिंगींमध्ये हे सध्या सगळीकडे चाललं आहे. सभेत ठराव झाला की मालकाला नवं घर मिळतं. भाडेकरूला ऐन परीक्षेच्या तोंडावर सामान बांधावं लागतं.

मी हे सगळं ऐरोलीच्या बाजूने लिहिलं आहे, ते मला कळतंय. मी इथे राहते, माझी आई इथे सुखात गेली. तेवढं धरून चाला.

पत्र दुसरं

काकू, मी २३ वर्षांची आहे, कणकवलीची. ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स म्हणून लागले आहे. तिन्ही पाळ्या करायच्या आहेत. आई म्हणते बदलापूरला मावशीकडे राहा, घरचं जेवण मिळेल. मैत्रिणीने वर्तकनगरला एक पीजी बघून ठेवला आहे, एका खोलीत चौघी. आईला एकटी मुलगी अशी बाहेर राहिलेली पटत नाही. मी काय करू?
— एक वाचक, कणकवली

उत्तर

तुझी नोकरी दहा ते पाचची असती तर मी आईच्या बाजूने उभी राहिले असते. पण दुपारपाळी रात्री आठ-नऊला सुटणार. पेशंट पुढच्या सिस्टरच्या ताब्यात देऊन, कपडे बदलून निघेपर्यंत आणखी अर्धा तास. माजिवड्याहून ठाणे स्टेशन, तिथून गाडीने पाऊण तास बदलापूर, तिथून मावशीचं घर. अकरा वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळपाळी असली तर पहाटे पाचला उठायचं. आईला ज्या गोष्टीची भीती आहे, म्हणजे मुलगी अवेळी एकटी रस्त्यावर असण्याची, ती मावशीकडे राहिलीस तरच जास्त होणार आहे. हे तिला असंच, वेळा मांडून सांग. ऐकेल ती.

तू हॉस्पिटलपासून जवळच राहा. वर्तकनगर चालेल, म्हाडाची जुनी वसाहत आहे, मराठी वस्ती आहे, रात्रीही रस्त्यावर जाग असते. पण पैसे द्यायच्या आधी तुझी पाळी ज्या वेळेला सुटणार त्या वेळेला मैत्रिणीला बरोबर घेऊन हॉस्पिटलपासून पीजीपर्यंत एकदा ये. अंधाराचा पट्टा कुठे लागतो, कुठलं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, रिक्षावाला एवढ्या जवळचं भाडं घेतो की नाही, हे त्या एका फेरीत कळेल.

चौघी एका खोलीत, हे ऐकून मला पहिली काळजी वाटली ती तुझ्या झोपेची. बाकीच्या तिघी काय करतात? त्या ऑफिसला जाणाऱ्या असतील तर बरंच, तू रात्रपाळी करून येशील तेव्हा खोली रिकामी असेल. घरून काम करणाऱ्या असतील तर दिवसभर फोन चालू. खिडकीतून डोकावून शेजारी काय आहे तेही बघ. त्या भागात जुन्या इमारती पाडून टॉवर चढताहेत. शेजारी बांधकाम असेल तर सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत ड्रिल चालतं, आणि तुझी झोपायची वेळ नेमकी तीच. आमच्या बिल्डिंगमध्ये एक सिस्टर भाड्याने राहायची. खिडकीला काळी चादर लावून ती दुपारी झोपायची. समोरचं काम सुरू झालं तेव्हा चादरीने उजेड अडला, आवाज काही अडला नाही. दोन महिन्यांत तिचा चेहरा उतरला, शेवटी घर बदललं.

जेवणाचंही विचार. पीजीत नाश्ता आठ ते नऊ असेल आणि तू साडेनऊला येणार असशील तर ताट झाकून ठेवतात का? दुपारी झोपून चारला उठलीस तर जेवण मिळतं का? पैसे तर पूर्ण महिन्याचे घेतात. बाथरूम किती जणींत एक, पाणी किती वाजता जातं, कपाटाला स्वतःचं कुलूप लावता येतं का, हेही विचार. पावती घे, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं ते त्या पावतीवरच लिहून घे.

आणि मावशीला सोडू नकोस. आठवड्याच्या सुट्टीला तिच्याकडे जा. फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून तिचा नंबर दे, पीजीच्या बाईंची आणि तिची एकदा भेट घालून दे. कणकवलीत बसलेल्या आईला त्याचा फार धीर असतो.

पत्र तिसरं

ताई, आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक, बार्शीला असतो. मुलगा-सून बेलापूरला भाड्याने राहतात. मुलाचं म्हणणं, फंडाच्या पैशात उलव्याला फ्लॅट घेऊन तुम्ही तिकडे या, विमानतळ झाला, आता भाव वाढत जाणार. बार्शीचं घर विकलं तर कर्जही लागणार नाही. करावं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर

सर, भाव वाढतील की नाही हे मी सांगू शकणार नाही. तुम्ही दोघं तिथे रोज सकाळी उठून काय कराल, एवढंच मला विचारता येतं.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, अटल सेतूमुळे उलवं मुंबईला जोडलं गेलं, हे खरं आहे. बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्टेशनंही आहेत. पण त्या मार्गावर गाड्या अजून थोड्या आहेत, आणि वस्ती नवी आहे. रस्ते झाले, इमारती झाल्या. ओळखीचा डॉक्टर, वाचनालय, सकाळी एकत्र फिरणाऱ्या मंडळींचा कट्टा हे सगळं जमायला वर्षं लागतात. तीस वर्षं गावात ‘सर’, ‘बाई’ म्हणून वावरलेल्या माणसांना त्याची उणीव तरुणांपेक्षा जास्त जाणवते. विमानं किती खालून जातात, तेही त्या सेक्टरात दोन रात्री झोपल्याशिवाय समजणार नाही.

घाई करू नका. एक वर्ष बेलापूरला मुलाच्या जवळ, चालत जाता येईल असं छोटं घर भाड्याने घ्या. मधे एक पावसाळा जाऊ द्या. त्या वर्षात उलव्याला आठ-दहा चकरा मारा, वेगवेगळ्या वेळी. मग घ्यायचंच ठरलं तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून स्वतः बघा, बिल्डरने छापलेल्या पुस्तिकेवर विसंबू नका. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची परवानगी, मागा. सिडकोची जमीन बहुतेक भाडेपट्ट्याची असते, तशी असेल तर नावावर करताना हस्तांतरण शुल्क लागतं. ते कुणी भरायचं हे आधी लेखी ठरवा.

फंड कुणाच्या नावाने खर्च होणार, तेही मुलाशी समोरासमोर बोला. घर तुमच्या दोघांच्या नावावर असू द्या. मुलगा चांगलाच असेल, मी त्याच्यावर शंका घेत नाही. बँकेत असताना काउंटरच्या या बाजूने मी अशा किती आई-वडिलांच्या सह्या घेतल्या आहेत, म्हणून बोलते.

आणि बार्शीचं घर या वर्षात विकू नका. भाड्यानेही देऊ नका. किल्ली शेजारी ठेवा, तुळशीला पाणी घालायला कुणाला तरी सांगा. दिवाळीला जाऊन राहा. परत निघताना बाईंचा पाय दारातून निघतो की नाही, ते बघा आणि मग मला लिहा.